शनिवारची रात्र कुणाची?

३ मे १९८६. नॉर्वेतल्या बर्गन शहरात युरोव्हिजन गीतस्पर्धेसाठी वीस देशांचे गायक जमले होते. ग्रीसचं मात्र कुणी नव्हतं. गायिका निवडून झाली होती, गाणंही ठरलं होतं, तरी ग्रीसच्या सरकारी वाहिनीनं माघार घेतली. कारण कॅलेंडरात होतं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचा ईस्टर त्या वर्षी ४ मे रोजी होता. म्हणजे स्पर्धेची रात्र हीच पवित्र शनिवारची रात्र. त्या रात्री गावोगावच्या चर्चमध्ये बाराच्या सुमारास सगळे दिवे मालवतात, अंधारात एक ज्योत पेटते आणि एका मेणबत्तीवरून दुसरीवर जात ती बाहेरच्या गर्दीत पसरते. मध्य युरोपात नऊच्या ठोक्याला सुरू होणारी स्पर्धा ग्रीसमध्ये दहाला सुरू होते. याचा अर्थ, ऐन येशूच्या पुनरुत्थानाच्या घटकेला पडद्यावर गुणांच्या बेरजा चालू असणार. या माघारीमागे देशांतर्गत राजकारण होतं अशीही चर्चा पुढे झाली, आणि तसं असेलही. पण लोकांना सांगण्याजोगं कारण म्हणून पवित्र शनिवारच पुढे केला गेला, याला महत्त्व आहे.

गंमत अशी, की त्याच पंथाचा, तीच भाषा बोलणारा आणि तोच ईस्टर पाळणारा सायप्रस बर्गनला गेला. त्याची गायिका एल्पिडा मूळची ग्रीसचीच. १९७९मध्ये ती ग्रीसतर्फे गायली होती. सायप्रस चार गुणांसह शेवटचा आला. यात देवाचा कोप शोधण्याचा मोह कुणाला झालाच, तर त्यानं इतर वर्षांचे निकालही चाळावेत. ईस्टर नसतानाही कुणीतरी शेवटचं येतंच.

एकाच श्रद्धेच्या दोन शेजाऱ्यांनी एकाच रात्रीचा निवाडा दोन तऱ्हांनी केला. मग त्या रात्रीवर हक्क कुणाचा होता? चर्चचा, वाहिनीचा, की घरात रिमोट घेऊन बसलेल्याचा? आणि जिच्यावर कुणाचाच हक्क नाही अशी एखादी वेळ असते तरी का?

टीव्हीच्या धंद्यात असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथं वेळेला भाव असतो, मालक नसतो. २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात पहिली युरोव्हिजन स्पर्धा झाली तेव्हा सातच देश होते आणि वार गुरुवार होता. पुढची काही वर्षं स्पर्धा वारावारांतून हिंडली: कधी रविवार, कधी बुधवार, कधी मंगळवार. १९६३पासून ती शनिवारी रात्री स्थिरावली आणि तेव्हापासून तो वार बदललेला नाही. कारण उघड आहे. दुसऱ्या दिवशी सुट्टी, पोरंटोरं जागी, घर भरलेलं. मतमोजणी लांबली तरी कुणाला पहाटे उठायचं नसतं.

पण ही दुसऱ्या दिवशीची सुट्टी आली कुठून? सूर्याच्या वारी न्यायालयं आणि शहरातले व्यवहार बंद ठेवावेत, असं फर्मान रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं इ.स. ३२१मध्ये काढलं. चर्चनं त्या वाराला प्रार्थनेचं अधिष्ठान दिलं आणि कामगार चळवळींनी शेकडो वर्षांनी त्याला शनिवारची जोड मिळवून दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हाही त्या मागणीमागचा एक मुद्दा होता असं सांगितलं जातं. इंग्रजांचा चर्चचा दिवस आणि गिरणीकामगाराचा मल्हारीचा दिवस एकाच चौकटीत बसले, आणि आता सगळे त्याला नुसतं 'वीकेंड' म्हणतात. वाहिन्यांच्या तक्त्यातली शनिवार रात्र अशी कित्येकांच्या देवाधर्माच्या पायावर उभी आहे. पाया जमिनीखाली असल्यामुळे तो नाहीच असं वाटतं, एवढंच.

खुद्द युरोव्हिजनचं जाळंही धर्माच्या अंगणातच सुरू झालं. ६ जून १९५४ रोजी युरोपातल्या देशांना जोडणारं पहिलं युरोव्हिजन प्रक्षेपण झालं. दुपारी स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावातला नार्सिसस फुलांचा उत्सव आणि संध्याकाळी व्हॅटिकन. पोप पायस बारावे कॅमेऱ्यासमोर आले आणि अनेक भाषांतून बोलले. तो पेन्टेकॉस्टचा रविवार होता. पवित्र आत्मा उतरला आणि शिष्य नाना भाषांत बोलू लागले, त्या घटनेचा सण. तारीख ठरवणाऱ्यांना पंचांग नीट वाचता येत होतं, असं म्हणायला हरकत नाही. युरोव्हिजनची जी ओळखीची तुतारीधून आजही स्पर्धेआधी वाजते, ती सतराव्या शतकातल्या मार्क-आंत्वान शारपांतिए या फ्रेंच संगीतकाराच्या 'ते देऊम'ची सुरावट आहे. 'ते देऊम' म्हणजे देवाच्या स्तुतीचं प्राचीन लॅटिन स्तोत्र. चमचमत्या कपड्यांतले गायक मंचावर येण्याआधी कोट्यवधी लोक दरवर्षी नकळत एका स्तोत्राच्या नांदीला सामोरे जातात.

रविवारच्या बाजूनं पाहिलं तर शनिवारची रात्र मोकळी दिसते. शुक्रवारच्या बाजूनं पाहिलं तर तशी दिसत नाही.

यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि सूर्यास्ताला संपतो. शब्बाथ शुक्रवारी सांजवेळी लागतो आणि शनिवारी अंधार पडला की सुटतो. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यातले बेने इस्राएली यहुदी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून कोकणानं त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिलं. बाकीचे बरेच धार्मिक ग्रंथ आणि रिवाज काळाच्या ओघात हातून सुटले, तरी हा एक वार त्यांनी सोडला नाही. त्यांतले बहुसंख्य नंतर इस्रायलला गेले, तिथं अशदोद, लोद, दिमोना अशा गावांत मराठी बोलत राहिले. ज्या देशात ते गेले, त्या देशात शनिवार हा संसदेत आणि न्यायालयात भांडण्याचा विषय होता.

इस्रायलमध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांसाठीचा टीव्ही सुरू झाला १९६८मध्ये. पुढच्याच वर्षी शुक्रवारी रात्री प्रक्षेपण करावं की नाही यावरून वाद पेटला. सरकारात धार्मिक पक्ष होते. गोल्डा मेयर यांच्या सरकारनं शुक्रवारचं प्रक्षेपण थांबवायचं ठरवलं. एक नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेला, न्यायमूर्ती झ्वी बेरेन्सन यांनी अंतरिम आदेश दिला, आणि ७ नोव्हेंबर १९६९च्या शुक्रवारी रात्री पडदा उजळला. तेव्हापासून तिथं एक अलिखित तोडगा चालत आला आहे: ज्याला बघायचं त्यानं बघावं, ज्याला नाही त्यानं बघू नये. तोडगा शहाणपणाचा आहे. त्यात एकच माणूस विसरला गेला. बघणारा बटण बंद करू शकतो. कॅमेऱ्यामागे उभा असणारा, दिवे लावणारा, माईक धरणारा काय बंद करणार?

युरोव्हिजनमध्ये इस्रायल १९७३ला आला. १९७८मध्ये पॅरिसला जिंकला आणि ३१ मार्च १९७९ रोजी जेरुसलेममध्ये यजमान झाला. शनिवारच होता, पण स्पर्धा सुरू होईपर्यंत शब्बाथ सुटलेला. इस्रायलच्याच जिंकलेल्या गाण्याचं नाव 'हालेलुया', म्हणजे यहुदी प्रार्थनेतलाच उद्गार. सगळं जुळून आलं असं वाटत असतानाच पुढच्या वर्षी गाठ पडली. १९ एप्रिल १९८०ला हेगमधली स्पर्धा, आणि त्याच संध्याकाळी इस्रायलचा शहीद सैनिकांचा स्मृतिदिन सुरू होणार होता. त्या रात्री तिथं भोंगा वाजतो, माणसं जागच्या जागी उभी राहतात, करमणुकीची ठिकाणं बंद असतात. गतविजेता देश स्पर्धेला आलाच नाही. इस्रायल नसताना मोरोक्को आला, त्याच्या इतिहासात एकदाच. १९८४ला लक्झेंबर्गमध्ये पुन्हा तेच, पुन्हा स्मृतिदिनाची संध्याकाळ. १९९७ला डब्लिनच्या तारखेवर होलोकॉस्टचा स्मृतिदिन आला आणि इस्रायल तिसऱ्यांदा घरी बसला.

यातला खरा विरोधाभास नंतरचा आहे. शनिवारी रात्री सुरू होणाऱ्या स्मृतिदिनाची तयारी शब्बाथच्या दिवसात करावी लागते, पोलिसांना आणि आयोजकांना काम करावं लागतं. म्हणून इस्रायलनं २००४पासून नियम केला, की अशी गाठ पडली तर स्मृतिदिन आणि त्याला जोडून येणारा स्वातंत्र्यदिन दोन्ही एक दिवस पुढे न्यायचे. राष्ट्रानं आपला शोक आणि आपला जन्मदिवस, दोन्ही शब्बाथपुढे सरकवले. स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा शनिवार तेवढा जागचा हलला नाही. कर्मठ कोण, असं विचारलं तर उत्तर सोपं नाही.

सरकारी वाहिन्यांना श्रद्धेपेक्षा शोक लवकर कळतो, आणि शोकापेक्षाही लवकर निवडणूक. १९७४च्या एकाच रात्रीत हे तिन्ही दिसले. ६ एप्रिल १९७४, इंग्लंडमधलं ब्रायटन. आबा गटाचं 'वॉटर्लू' जिंकलं ती रात्र. फ्रान्स आला नाही, कारण चार दिवस आधी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू वारले होते. इटलीची जिलियोला चिंक्वेत्ती गायली आणि दुसरी आली, पण इटलीतल्या लोकांना ते त्या रात्री दिसलं नाही. घटस्फोटाचा कायदा रद्द करावा का, यावर मेमध्ये तिथं सार्वमत होतं. कायदा रद्द व्हावा म्हणून कॅथलिक चर्च आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षानं कंबर कसली होती; त्यांना मत द्यायचं तर 'होय'वर खूण करायची होती. आणि चिंक्वेत्तीच्या गाण्याचं नावच 'सी', म्हणजे होय. सरकारी वाहिनीनं सावधगिरी म्हणून स्पर्धेचं थेट प्रक्षेपण रोखून धरलं. प्रेमगीत ऐकून माणसं घटस्फोटाविरुद्ध मत देतील, अशी ती भीती! सार्वमतात जवळजवळ ६० टक्क्यांनी कायदा राखायच्या बाजूनं कौल दिला, तेव्हा गाण्याची ताकद जरा जास्तच धरली गेली होती असं दिसतं.

पण गाण्याच्या वेळेत ताकद नसतेच असंही नाही. त्याच रात्री पोर्तुगालचा पाउलो दे कार्वाल्यो जेमतेम तीन गुण मिळवून तळाशी राहिला. अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री दहा वाजून पंचावन्न मिनिटांनी, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रानं त्याचं तेच गाणं लावलं. लष्करातल्या बंडखोर अधिकाऱ्यांसाठी ती पहिली खूण होती. दुसऱ्या दिवशी जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही कोसळली. नव्या सरकारनं त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं, म्हणून गोव्याच्या इतिहासातही त्या पडलेल्या गाण्याला आडवाटेची जागा आहे. शब्दांत बंड नव्हतं, चालीत नव्हतं. ठरलेल्या मिनिटाला ते अनेकांनी एकदम ऐकलं, यातच सगळं होतं.

इथं मूळ प्रश्नाकडे वळावं लागतं. वेळ पवित्र होते ती कशामुळे?

संत ऑगस्टिननं काळाचा विचार करताना 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागात उदाहरण घेतलं ते स्तोत्र म्हणण्याचं. म्हणायला सुरुवात करण्याआधी अख्खं स्तोत्र अपेक्षेत असतं. म्हणता म्हणता ते एकेक शब्दानं आठवणीत जमा होतं. आणि संपतं तेव्हा अपेक्षा रिकामी, आठवण भरलेली. त्याच्या मते काळ बाहेर कुठे धावत नाही, मनातच ताणला जातो. युरोव्हिजनच्या नियमानुसार गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं असू नये. ऑगस्टिनला हा नियम आवडला असता. पण त्याचं उदाहरण एकट्या म्हणणाऱ्याचं आहे, आणि इथला प्रश्न अनेकांचा आहे.

विसाव्या शतकातले यहुदी तत्त्वचिंतक अब्राहम जोशुआ हेशेल यांनी 'द सॅबथ' या १९५१च्या छोट्या पुस्तकात वेगळी दिशा धरली. बायबलच्या सृष्टिकथेत पवित्र म्हटली गेलेली पहिली गोष्ट म्हणजे कुठला डोंगर नाही, वेदी नाही, तर एक दिवस आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. देऊळ पाडता येतं, दिवस पाडता येत नाही. याउलट फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी १९१२मध्येच मांडलं होतं, की समूह ज्याला वेगळं काढून ठेवतो ते पवित्र. कॅलेंडर म्हणजे समूहाच्या एकत्र येण्याची लय. द्यूरकेमचं मानलं तर युरोव्हिजनचा शनिवार हाही एक लहानसा सणच ठरतो. २०२५मध्ये १६ कोटींहून जास्त लोकांनी ही स्पर्धा पाहिली. आइसलँडमध्ये तर त्या रात्री चालू असलेल्या शंभर टीव्हींपैकी नव्वदहून जास्त टीव्हींवर हीच होती. त्या देशातल्या कुठल्या प्रार्थनेला इतकी हजेरी लागत असेल!

द्यूरकेमचा हा धागा टीव्हीपर्यंत आणला तो एलिहू कॅट्झ आणि डॅनियल दायान यांनी, १९९२च्या 'मीडिया इव्हेंट्स' या पुस्तकात. राजघराण्यातले विवाह, चांद्रमोहिमा, पोपचे दौरे अशी थेट प्रक्षेपणं रोजचा तक्ता बाजूला सारतात, घराघरांत माणसं मुद्दाम जमतात, नीटनेटकी होऊन बसतात. हे प्रसारमाध्यमांचे सणवार आहेत, असं त्यांचं म्हणणं. हे कॅट्झ नुसते पुस्तकी विद्वान नव्हते. इस्रायलची टीव्हीसेवा उभी करण्याची जबाबदारी सुरुवातीला त्यांच्याकडेच होती. ज्या देशात शुक्रवारच्या प्रक्षेपणाचं भांडण न्यायालयात गेलं, त्याच देशातल्या माणसाला टीव्हीतला सण दिसावा, हा योगायोग नसावा.

सण म्हटला की मुहूर्त आला, आणि इथं चर्चचा अनुभव वाहिन्यांपेक्षा जुना आहे. टीव्हीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पाहणं आणि चर्चमध्ये हजर असणं एक नव्हे, असं पोप पायस बारावे यांनी १९५७च्या आपल्या पत्रकात बजावलं. तेच पोप, ज्यांनी संत क्लारा हिला टीव्हीची आश्रयदाती संत ठरवलं. आजारपणात खोलीच्या भिंतीवर तिला दूरच्या मिस्साचं दर्शन झालं होतं, म्हणून. पुढे १९८५मध्ये व्हॅटिकननं एक दार किलकिलं केलं. पोपचा आशीर्वाद आणि त्याबरोबरची पापदंडाची माफी भाविकाला टीव्हीवरूनही मिळू शकते, मात्र प्रक्षेपण थेट हवं. नंतर टेप लावून बघितलेलं चालणार नाही. हा नियम हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आशीर्वाद देणारा आणि घेणारा एका जागी नसले तरी एका क्षणात तरी असावेत, असा त्यामागचा विचार आहे. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस रिकाम्या सेंट पीटर चौकात पावसात एकटे उभे राहिले, तेव्हा जगभरच्या बंद घरांना त्यांच्याशी जोडणारं थेट प्रक्षेपणावाचून दुसरं काही नव्हतंच. त्या वर्षी युरोव्हिजन मात्र रद्द झाली.

एका क्षणात असणं वाटतं तितकं सोपं नाही. २०१२मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू इथं अंतिम फेरी झाली. तिथल्या घड्याळात तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजले होते, कारण मध्य युरोपातल्या नवाला धक्का लावायचा नव्हता. पाहुणे वेळेवर जेवावेत म्हणून यजमान रात्रभर जागला. ऑस्ट्रेलियात ही स्पर्धा १९८३पासून दाखवली जाते, २०१५पासून तो देश तीत भागही घेतो. सिडनीत थेट बघायचं तर रविवारी पहाटे पाचला उठायचं. पुष्कळ घरांत मात्र निकाल कानावर न पडू देता रविवारी रात्री पुनःप्रक्षेपणच लावलं जातं. व्हॅटिकनच्या नियमानं मोजलं तर त्यांच्या पदरात काहीच पडायला नको. पण एका शहरातले सगळे मिळून रविवारी रात्री बघतात तेव्हा त्यांचा आपसातला क्षण तर एकच असतो. म्हणजे थेटपणाला दोन टोकं आहेत: गाणारा आणि बघणारा यांच्यातला क्षण, आणि बघणाऱ्या-बघणाऱ्यातला क्षण. सण होतो तो दुसऱ्यामुळे.

हे दोन क्षण वेगळे काढायची वेळ २०१९मध्ये आली. आदल्या वर्षी नेटा बार्झिलाय जिंकल्यामुळे स्पर्धा तेल अवीवला होती. अतिसनातनी पक्षांनी शब्बाथ मोडण्यावरून आक्षेप घेतले, तेही अपेक्षित होतं. अंतिम फेरी स्थानिक वेळेनुसार शनिवारी रात्री दहाला, म्हणजे शब्बाथ सुटल्यावर. प्रेक्षकाची अडचण नव्हती. अडचण पडद्यामागे होती. या स्पर्धेतले निम्मे गुण ज्युरी देतात, आणि ते देतात शुक्रवारी रात्रीच्या रंगीत तालमीवर. प्रेक्षकांना न दिसणारी ती रात्र निकालात निम्मी असते.

जेरुसलेमच्या शाल्वा या संस्थेचा एक वाद्यवृंद इस्रायलच्या निवडफेरीत आघाडीवर होता. त्यातले कलाकार अपंगत्व घेऊन जगणारे, काही दृष्टिहीन, काही डाउन सिंड्रोम असलेले. देश त्यांच्यावर लुब्ध होता. त्यांतले काही शब्बाथ पाळणारे होते. शुक्रवारी रात्री गायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. नियमात सवलत मिळाली नाही. अंतिम निवडीच्या तोंडावर वाद्यवृंदानं माघार घेतली. काही जण पाळणारे, काही जण न पाळणारे असा गट फोडणं सोपं होतं, पण त्यांनी तो फोडला नाही.

द्यूरकेमचं म्हणणं इथं अडखळतं. समूहाची ओढ त्या कलाकारांना मंचाकडे खेचत होती; लाखो लोकांना ते तिथं हवे होते. समूह ज्या दिशेला चालला होता, तिच्या विरुद्ध एक शुक्रवार काही जणांनी धरून ठेवला. बहुसंख्यांनी वेगळी काढलेली वेळ पवित्र, एवढ्यानं हे समजत नाही. हेशेल यांचं ऐकलं तर समजतं: तो दिवस त्यांना आधी भेटला होता, गर्दी नंतर आली. द्यूरकेम सणाचं स्पष्टीकरण देतात, नकाराचं देऊ शकत नाहीत.

आयोजकांनी मग एक चांगली गोष्ट केली. १६ मे २०१९, गुरुवार. दुसऱ्या उपांत्य फेरीत मतमोजणीदरम्यान पाहुणे कलाकार म्हणून शाल्वा वाद्यवृंद गायला. गुरुवारी रात्री कुणाचाच शब्बाथ नव्हता. सभागृह उभं राहिलं. पण पाहुणा आणि स्पर्धक यांत फरक असतो, आणि तो त्यांनाही कळत असणार.

तेव्हा नियमाच्या बाजूनं जे बोललं जात होतं ते चुकीचं नव्हतं. सगळ्यांना एकच मंच, एकच रात्र, एकच ज्युरी. एकाला सूट दिली की समान संधी मोडते. शिवाय थेटपणा हाच या स्पर्धेचा प्राण. दोनच वर्षांत या म्हणण्याची परीक्षा झाली. २०२१मध्ये रॉटरडॅमला कोरोनाच्या सावटात स्पर्धा भरली तेव्हा प्रत्येक देशाकडून गाण्याचं पूर्वचित्रण आधीच घेऊन ठेवलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या गायिकेला प्रवास करता आला नाही, तिचं चित्रण दाखवलं. आइसलँडच्या दादी फ्रेयर यांच्या गटातल्या एकाला कोरोनाची लागण झाली. गट हॉटेलात अडकला आणि सभागृहातल्या आधीच्या तालमीचं चित्रण उपांत्य आणि अंतिम फेरीत लावण्यात आलं. ज्युरींनी त्यावरच गुण दिले, प्रेक्षकांनी त्यावरच मतं दिली. आइसलँड ३७८ गुण मिळवून चौथा आला. त्या शनिवारी कोट्यवधी घरांतला सण जराही उणा झाला नाही, कारण बघणारे सगळे एकाच वेळी बघत होते. गाणारे तेव्हा हॉटेलच्या सोफ्यावर होते.

विषाणूसाठी जे करता आलं ते श्रद्धेसाठी का करता येऊ नये, याला उत्तर नाही. आजार माणसाच्या हातात नसतो आणि शब्बाथ त्याची निवड असते, असं म्हणता येईल. पण ज्यानं पाळला त्याला ती निवड वाटत नाही. आणि ग्रीक, यहुदी किंवा आणखी कुणी, त्याच्या मनात शिरून हे ठरवण्याचा अधिकार कुठल्याही वाहिनीला नाही. तिला एवढंच ठरवायचं आहे, की अंतिम फेरीचा शनिवार लोकांसाठी आहे, तालमीचा शुक्रवार सोयीसाठी. शनिवारला हात लावायचं कारण नाही. इतक्या देशांचं पंचांग सांभाळणारी तारीख सापडणार नाही, आणि सापडली तरी तिथं पुढच्या वर्षी कुणाचा तरी उपवास येऊन बसेल.

शुक्रवार मात्र सोडता येतो. ज्या स्पर्धकाला धर्माच्या कारणानं त्या रात्री गाता येत नाही, त्याचं गाणं बुधवारी किंवा गुरुवारी त्याच मंचावर, त्याच कॅमेऱ्यांनी चित्रित करावं आणि ज्युरींना तेच दाखवावं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं नियमावलीत एवढी एक तरतूद घालावी. त्यासाठी नवं तंत्र शोधावं लागणार नाही. रॉटरडॅममध्ये ते वापरून झालेलं आहे.